घर नंबर सतरा

९ ऑक्टोबर १९३६

आज सकाळी म्युनिसिपालिटीचा माणूस चुन्याची बादली घेऊन आला आणि गल्लीतल्या डाव्या हाताच्या सगळ्या दारांवर फुल्या मारून गेला. आमच्याही. रस्ता रुंद करायचा आहे. आमची ओळ येत्या उन्हाळ्यात पाडणार. आत्याबाई ओलं फडकं घेऊन फुली पुसायला धावल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, फुली पुसून घर वाचत नाही." शेजारची खातूनबी दाराशी उभी होती. तिचा नवरा कादर कल्हईवाला. फुलीकडे बघून तो म्हणाला, "चला, चुना तरी फुकट लागला," आणि पुन्हा भात्यापाशी जाऊन बसला.

मला घाबरायला झालं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. दुपारी शाळेत मोठ्या बाईंनी बातमी सांगितली. गंगापूरच्या रस्त्याला कमी पगाराच्या लोकांसाठी चाळीस घरं बांधताहेत. दोन खोल्या, मागे स्वैपाकाची पडवी, चार घरांत एक नळ. हप्त्याने फेडायचं, पंधरा वर्षांनी घर आपलं. ज्यांची घरं रस्त्यात जातात त्यांना आधी, आणि म्युनिसिपालिटीच्या नोकरांना आधी. मी दोन्हींत बसते. आठ वर्षं झाली, मुलींच्या शाळेत बिगरीचा वर्ग माझ्याकडे आहे.

आत्याबाई म्हणाल्या, "आपल्याला कोन देतंय घर?" त्या माझ्या सासूबाई, कुसाबाई. यजमान पाच वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गेले ते गेलेच. त्या माझ्यापाशी राहिल्या. लोकांना याचं नवल वाटतं. ज्याची आई त्याने टाकली, ती मी सांभाळली, यात मला काही विशेष वाटत नाही. थोडं वाटतं.

१३ ऑक्टोबर

नव्या घरांच्या कमिटीच्या कचेरीत गेले होते. यादव नावाचा कारकून आहे, अक्षर फार सुरेख.

"कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"चंद्रभागा."

"तुमचं नव्हे बाई, प्रमुखाचं."

"मीच प्रमुख. मी मिळवते, सासूबाई घरी असतात."

"यजमान?"

"इथे नसतात."

"वारले?"

"नाही."

"मग कुठे असतात?"

"मला ठाऊक नाही."

त्याने टाक खाली ठेवला. "हे बघा, नवरा असेल तर अर्ज नवऱ्याने करायचा. विधवा असेल तर तिच्या दिराला नाहीतर मुलाला करता येतो. तुम्ही यातल्या कशातच बसत नाही." मग जरा मायेने म्हणाला, "विधवा असतात तर काही तरी करता आलं असतं."

सरकारवाड्यापाशी आले आणि मला एकदम हसू फुटलं. रस्त्यातली एक बाई वळून बघायला लागली. मी डोळ्याला पदर लावला, तिला काय वाटायचं ते वाटो.

१६ ऑक्टोबर

कमिटीच्या अध्यक्षांना त्यांच्या घरी जाऊन भेटले. त्यांना सगळे रावसाहेब म्हणतात. खुर्ची दिली, चहा विचारला. सभ्य माणूस.

"तुमच्या कामाबद्दल मी ऐकून आहे," ते म्हणाले. "पण घर कुटुंबाला द्यायचं असतं, एकट्या बाईला नाही. उद्या कोणी काही बोललं तर सगळ्या वसाहतीचं नाव जाईल. तुमच्याबद्दल म्हणत नाही मी."

"सासूबाई आहेत ना माझ्याजवळ."

"त्या म्हाताऱ्या." मग हसून म्हणाले, "नवरा आणा आणि घर न्या!"

मीही हसले. उठताना मनात आलं, हा माणूस थट्टेत बोलला, पण वाट त्यानेच दाखवली.

१८ ऑक्टोबर

जेवताना आत्याबाईंना विचारलं, "ते कुठे असतील, काही कल्पना आहे तुम्हाला?"

"इगतपुरीला आसंल."

"पाच वर्षं तर ठाऊक नाही म्हणत होतात."

"मंग रेल्वेचं काम सोडून दुसरं कुठं जाईल त्यो? इंजिनाच्या शेडामागं खोल्या हायेत म्हनत्यात. मारुतीच्या देवळाच्या अंगानं जायचं, चौथी का पाचवी खोली." आणि भाकरीचा तुकडा मोडत बसल्या.

आत्याबाई दर महिन्याला घोटीला बहिणीकडे जातात. तिथून इगतपुरी जवळ, काही कानावर आलं असेल. मला सांगितलं नाही ते मला दुखवू नये म्हणूनच. गेल्या वेळी बहिणीच्या नातीसाठी लहानशी गोधडी शिवून घेऊन गेल्या, माझी जुनी लुगडी मागून. इतकी मायाळू बाई आहे.

खातूनबीला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. "अगं मास्तरीणबाई, मर्द आनायला चाललीस का दाराची कडी? कडी बाजारात मिळती, आणि ती आपन लावू तेव्हाच लागती."

तिचं घर म्हणजे पाच मुलं, सासू, दोन दीर, आणि एका खोलीत कल्हईचा धूर. तिला घराबद्दल माझ्यासारखं काय वाटणार? त्यांनीही अर्ज केला आहे म्हणे.

१ नोव्हेंबर

इगतपुरीला जाऊन आले. तिथे दहा वाजले तरी ऊन नव्हतं. भिंतींना ओल, कोळशाचा वास, आणि सगळी माणसं खांदे वर काढून चालणारी.

खोली शोधावी लागली नाही. ते ओट्यावर आरसा ठेवून दाढी करत होते. मला बघून हात थांबला, मग अर्धी दाढी तशीच ठेवून म्हणाले, "मास्तरीण! ये, आत ये."

अंगाने भरले आहेत. खोली अगदी स्वच्छ होती, जमीन नुकती सारवलेली, भांडी घासून पालथी घातलेली. पूर्वी हे पाण्याचा तांब्यासुद्धा जागचा हलवत नसत. एकटं राहून माणूस शिकतो. दोरीवर एक चिमुकला परकर वाळत होता. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "शेजारणीच्या पोरीचा. तिच्या दोरीला जागा नसती," म्हणाले.

मी सगळं सरळ सांगितलं. राग, रुसवा काही काढला नाही; तो काढायला मी इतका लांबचा प्रवास केला नव्हता.

"घर कुणाच्या नावावर होनार?"

"तुमच्या. नियमच तसा आहे."

"आन हप्ता?"

"माझ्या पगारातून कापतील."

ते तोंडावरचा फेस पुसत राहिले. "दोन खोल्यांत किती मानसं मावतील गं?"

"आपण तिघं आरामात."

"तिघं," ते म्हणाले. मग मोठ्याने हसले. "म्हंजे मी लागतो म्हनायचा तुला."

उत्तर द्यायच्या आधी मी दाराकडे बघितलं. बाहेर एक बाई डोक्यावर हंडा घेऊन उभी होती, आत येऊ की नको असं करत. मला बघून पुढे निघून गेली. मी म्हटलं, "हो, लागता."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून रडले. का ते कळलं नाही. काम तर झालं होतं.

९ नोव्हेंबर

आज कमिटी गल्लीत पाहणीला आली. रावसाहेब, दोन सभासद, मागे यादव. आमचे हे कालच इगतपुरीहून आले होते. नवा कोट, फेटा. "रावजी नाथा" असं नाव सांगून ताठ उभे राहिले. रेल्वेच्या कामामुळे परगावी राहावं लागलं, आता नाशिकलाच काम बघतो आहे, असं त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. रावसाहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. आत्याबाई मुलाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पाच वर्षांनी मुलगा भेटलेली आई मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं त्या जास्त रडतील.

निघताना रावसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. हे शेजारचं बिऱ्हाड कसं आहे? खरं सांगा."

मी खरं सांगितलं. माणसं फार चांगली आहेत, अडीनडीला धावून येणारी. पण घरात दहा जणं, दिवसभर भाता चालू, आणि म्हातारीला दम्याचा खोकला. "दमाच ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी काही डॉक्टर नाही." यादवने टिपून घेतलं.

मी काही वाढवून सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर

काल पाडवा. त्यांना ओवाळलं. त्यांनी ओवाळणीत काचेच्या बांगड्या घातल्या, हिरव्या, मनगटाला जरा मोठ्या होतात. बहुधा अंदाजाने घेतल्या असतील. मी तिशीची बाई, पण आज शाळेतल्या कोणा बाईला सुट्टीत भेटावं आणि हात पुढे करावा असं वाटत होतं. शेवटी कोणाकडे गेले नाही. खातूनबीकडे फराळाचं ताट घेऊन गेले, तर तिने बांगड्या बघितल्या, मनगटावर वर-खाली सरकवल्या, आणि काही बोलली नाही. तिचा स्वभाव तसा नाही. म्हातारी जास्त आजारी असेल.

२० जानेवारी १९३७

आगाऊ रक्कम भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. आईने दिलेल्या पाटल्या सराफात नेऊन मोडल्या. तिथून यादवकडे. दोन कागद. एकावर त्यांची सही, मालक म्हणून. दुसऱ्यावर माझी: हप्ता पुरा फिटेपर्यंत दर महिना पगारातून कापून घ्यावा, माझी तक्रार राहणार नाही. मी सही करण्याआधी कागद पूर्ण वाचला. यादव म्हणाला, "वाचून सही करणारी पहिलीच बाई बघतो आहे." मला बरं वाटलं.

हे आठवड्यातले चार दिवस इगतपुरीला असतात. थकलेला पगार मिळायचा आहे, साहेब आज देतो उद्या देतो करतो. संक्रांतीला आत्याबाईंनी त्यांच्याबरोबर घोटीच्या बहिणीसाठी तिळगूळ दिला. एक लहान हलव्याचा दागिनाही केला होता, इवलीशी बिंदी. मी म्हटलं, "बहिणीच्या नातीचे फार लाड करता तुम्ही." तर त्या म्हणाल्या, "पोर गुनाची हाय. बापावर गेलीय."

७ फेब्रुवारी

यादी लागली. घर नंबर सतरा, रावजी नाथा.

यादीपुढे गर्दी होती. मी बायकांतून वाट काढत पुढे गेले आणि नाव वाचलं. मग मागे येऊन पुन्हा पुढे गेले आणि पुन्हा वाचलं. कादरचं नाव नव्हतं. आमच्या गल्लीतल्या सहा बिऱ्हाडांना मिळालं, त्यांनाच तेवढं नाही. कादर यादीपाशी उभा होता, त्याला वाचता येत नाही. मला म्हणाला, "बाई, जरा बघा ना, कुठं खाली असंल." मी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. आधीच वाचलेलं होतं, तरी फिरवलं.

१४ मार्च

संध्याकाळी एकटीच सतरा नंबरला जाऊन आले. दारं बसली आहेत, रंग व्हायचा आहे. उंबऱ्यावर बसले. पुढे शेत, लांब गंगेकडची झाडं, वारा थेट अंगावर. जुन्या गल्लीत बसून आभाळ कधी इतकं दिसलं नाही. पुढच्या खोलीत खिडकीखाली माझं टेबल. पाट्या तपासताना उजेड डावीकडून येईल. मागच्या खोलीत आत्याबाईंचा पलंग. पडवीत चूल, तिच्या शेजारी जातं.

रखवालदार म्हणाला, "तुमचे मालक येतात ना काल-परवापास्नं. ते म्हनत होते पुढच्या खोलीत पाळना टांगायला कडी पायजे."

घरी येऊन मी हे त्यांना विचारलं नाही. पुरुष अशी गोष्ट बोलून दाखवत नाहीत. मी आज आरशात स्वतःकडे बघितलं. तीस म्हणजे काही उशीर नव्हे. माझ्या आईला माझा धाकटा भाऊ चौतिसाव्या वर्षी झाला.

५ एप्रिल

खातूनबीचं बिऱ्हाड आज मालेगावला गेलं. तिथे कादरचे चुलते हातमागावर कामाला आहेत. दोन गाड्यांत सगळं मावलं. म्हातारीला गाद्यांवर निजवलं होतं.

मी निरोप द्यायला गेले. खातूनबी भाता बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "यादवनं सांगितलं मला. तू साहेबाला आमच्याबद्दल काय बोललीस ते."

"मी चांगलंच बोलले, खातूनबी. माणसं चांगली आहेत म्हणाले."

"हां. आणि दुसरं?"

"जे खरं तेच. मी खोटं बोलत नाही."

"नाय. तू खोटं बोलत नायस." तिने गाठ दातांनी आवळली. "एक सांगते, ऐक. तुझ्या हाताने घराची चावी घे. तुझ्या हाताने कुलूप उघड, आणि आत बस. तोवर नाशिक सोडू नकोस."

मला राग आला. स्वतःचं घर गेलं म्हणून माझ्या घरावर सावली टाकायची? मी म्हटलं, "माझा नवरा परत आला हे तुला पहिल्या दिवसापासून बघवलं नाही." तिने भाता उचलून गाडीत ठेवला. मग गाडीत चढली. मुलांनी हात हलवले. मी हलवला नाही, याचं आता जरा वाईट वाटतं आहे.

१८ एप्रिल

पेठच्या शाळेत परीक्षेच्या कामावर जायचं आहे. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, नको असेल तर दुसरीला पाठवते. चाव्या याच आठवड्यात मिळायच्या आहेत, म्हणून मी नको म्हणणार होते. पण हेच म्हणाले, "जा तू. वरिष्ठांचं मन मोडू नये. मी आन आई मिळून सामान लावतो. तू येशील तवर चूल पेटलेली आसंल." आत्याबाईंनीही दशम्या बांधून दिल्या. मला आजवर कोणी दशम्या बांधून दिलेल्या नाहीत. मीच सगळ्यांना देत आले.

उद्या सकाळच्या मोटारीने निघायचं. टेबल खिडकीखालीच ठेवायचं, हे दोघांनाही दोनदा सांगितलं आहे.

३० एप्रिल

लिहायला हात वळत नाही, तरी लिहिते.

मोटारीतून उतरले ती बॅग घेऊन थेट सतरा नंबरला गेले. दाराला तोरण होतं. पुढच्या खोलीत पाळणा होता. पाळण्यात सहा-सात महिन्यांचं मूल होतं आणि आत्याबाई दोरी ओढत होत्या. इगतपुरीची ती हंड्यावाली बाई पडवीतून हात पुसत बाहेर आली. तिच्या मागून परकर घातलेली एक पोरगी.

मी विचारलं, "ही कोण?"

आत्याबाईंनी दोरी थांबवली नाही. "चिमणाबाई. ही बी माजी सूनच हाय."

"कधीपासून?"

"आता ते काढून काय करायचंय? बॅग ठेव. पानी पी."

ते मागच्या खोलीतून आले. बनियनवर. "हे बघ, तमाशा नको. तुला कोन जा म्हनतंय? घर मोठं हाय. मागच्या पडवीत तुझं टेबल लावलंय बघ."

मी पडवीत बघितलं. टेबलावर पीठ मळायची परात होती, कांदे होते.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तुम्ही घोटीला बहिणीकडे जात होतात ना?"

"बहीन मरून नऊ वर्सं झाली," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मी काय करू, चंद्रभागे? तुला मूल नाय. माझा वंस तिकडं होता. तू मला खाऊ घातलंस, नाय म्हनत नाय मी. पन नातवंडं सोडून म्हातारीनं कुठं जायाचं?"

चिमणाबाई म्हणाली, "अक्का, बसा ना." आवाज चांगला आहे तिचा. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, माझ्यासारख्याच. तिच्या मनगटाला बरोबर बसत होत्या.

३ मे

शाळेच्या कोठीत राहते आहे. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, सुट्टी संपेपर्यंत.

आधी यादवकडे गेले. म्हटलं, "कपात बंद करा. मी त्या घरात राहत नाही."

त्याने माझी सही काढून दाखवली. "हप्ता पुरा फिटेपर्यंत, बाई. तुम्ही वाचून सही केली आहे."

मग रावसाहेबांकडे. या वेळीही खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या यजमानांनी दुसरी बायको केली. अनेकजण करतात. कायद्याने त्यात गैर काही नाही."

"त्यांनी तुम्हाला खोटं सांगितलं, की कुटुंब इतकंच म्हणून."

"ते म्हणाले मी परगावी होतो. ते खरंच होतं. आणि बाई, त्यांना आणलं कोणी? तुम्हीच ना?" ते थोडे पुढे वाकले. "कुटुंबाला घर मिळालं. तुम्ही त्या कुटुंबात आहात. जा, नांदा. बोभाटा केलात तर आधी वसाहतीचं नाव जाईल, मग तुमच्या शाळेचं, आणि मग मला तुमच्या नोकरीचा विचार करावा लागेल. मला ते आवडणार नाही."

चहा आला होता. मी तो प्यायले. का प्यायले?

९ मे

आज जुन्या गल्लीवरून गेले. ओळ पाडली आहे. माझ्या खोलीची मागची भिंत तेवढी उभी होती, तिच्यात कोनाडा, कोनाड्यात दिव्याची काजळी. शेजारी कादरच्या भट्टीचा काळा चौकोन. मजूर जेवायला बसले होते. एकाने विचारलं, "काही राहिलंय का बाई, शोधताय?" मी नाही म्हटलं.

मालेगावला पत्र लिहावं असं वाटलं. खातूनबीला वाचता येत नाही, कादरलाही नाही. कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि मग मी काय लिहिलं ते सगळ्यांना कळेल. म्हणून लिहिलं नाही.

१६ मे

सतरा नंबरला राहायला गेले.

भावाने कळवलं होतं, इकडे ये, पण दादल्याशी पटवून घेतलंस तर बरं. म्हणजे येऊ नको. मी विचार केला. पंधरा वर्षं माझा पगार त्या भिंतींत जाणार. मी कोठीत निजायचं आणि त्या भिंतींच्या आत चिमणाबाईने निजायचं, हे कशासाठी?

मी गेले, टेबलावरचे कांदे खाली ठेवले, परात चिमणाबाईच्या हातात दिली. टेबल ओढत पुढच्या खोलीत नेलं आणि खिडकीखाली लावलं. पाळण्याला धक्का लागला, मूल रडायला लागलं. रावजी उठून उभा राहिला. मी म्हटलं, "हात लावून बघ." तो बसला. मी त्याला एकेरी बोलले होते. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

आता मी पुढच्या खोलीत असते. कोणाशी बोलत नाही. माझं अन्न मी वेगळं शिजवते. चिमणाबाई रोज पाणी भरून ठेवते, ते मी ओतून देते आणि पुन्हा नळावर जाते.

१४ जून

शाळा उघडली. नवी नावं घालायची होती. दारातून चिमणाबाई आली, पोरीचा हात धरून. पोरीचं नाव हौसा. केसांना तेल, दोन वेण्या, आत्याबाईंच्या हातच्या.

"वय?"

"सहा सरून सातवं लागलं, अक्का."

मी लिहून घेतलं. मग बोटांवर वर्षं मोजली. सहा वर्षांपूर्वी तो माझ्याच घरी जेवत होता. दर शनिवारी इगतपुरीहून यायचा, थकला म्हणायचा, आणि मी पायाला तेल लावून द्यायची.

"शाळेत अक्का नाही," मी म्हटलं. "शाळेत बाई म्हणायचं."

"हां बाई," चिमणाबाई म्हणाली आणि पोरीला माझ्यापाशी सोडून गेली.

२२ जून

हौसा पहिल्या रांगेत बसते. मीच बसवली. पाटीवर श्री चांगला गिरवते, बोलायला भीत नाही. इतर मुली माझ्यापासून बिचकतात, ही नाही. घरात रोज मला बघते म्हणून असेल.

आज मुलींना आपापला पत्ता तोंडपाठ म्हणायला लावला. हा शिक्षणाचाच भाग आहे. मूल हरवलं तर त्याला घर सांगता यायला पाहिजे. हौसाची पाळी आली. उभी राहून तिने खणखणीत सांगितलं, "घर नंबर सतरा, नवी वसाहत, गंगापूर रस्ता."

"कोणाचं घर?"

"माझ्या बापाचं."

"चूक."

ती हसली. तिला वाटलं, मी खेळते आहे.

"कोणाचं घर?"

"आजीचं."

"चूक. नीट विचार कर. उभीच राहा."

इतर मुली पुढचे पत्ते म्हणू लागल्या. मधूनमधून मी तिला विचारत होते. आईचं म्हणाली, बाळाचं म्हणाली, म्युनिसिपालिटीचं म्हणाली. त्यावर मुली हसल्या. मग तिचा ओठ थरथरायला लागला. सुट्टीच्या घंटेला मी बाकीच्यांना सोडलं, तिला नाही. बाहेर मुली फुगडी घालत होत्या, ती खिडकीतून बघत होती आणि रडत होती. आवाज न करता रडते. हे तिला घरी कोणी शिकवलं असेल?

शेवटी शाळा सुटायच्या आधी तिने उत्तर दिलं. फार हळू.

"मोठ्याने."

"बाईंचं."

"शाबास," मी म्हटलं आणि पाटीवर तिला बरोबरची खूण दिली. मुलगी हुशार आहे. एकदा कळलं की विसरणार नाही, तरी उद्या पुन्हा विचारीन.

शाळा सुटल्यावर आम्हा दोघींना एकाच रस्त्याने जायचं होतं. वाटेत गाडीबैल आले तेव्हा तिने माझं बोट धरलं. गाडी पुढे गेली तरी सोडलं नाही. मी बोट सोडवून घेतलं आणि चालायला लागले. ती मागून पळत येत होती, पाटी सांभाळत, दमलेली, आणि "बाई, थांबा, बाई" म्हणत होती. मी घर येईपर्यंत थांबले नाही.